एका दिवसाची रेल्वेसहल : परतीची गाडी आधी ठरवा

मुंबईत मुक्काम ठेवून सकाळी रेल्वेने निघायचे आणि रात्री घरी परतायचे, अशा सहलींविषयी वाचकांचे प्रश्न सातत्याने येत असतात. बहुतेकांना जाण्याची गाडी माहीत असते, तिकिटाचे दर माहीत असतात, कुठे काय खायचे हेही माहीत असते. परतीच्या गाडीविषयी मात्र क्वचितच कोणी विचारतो. त्यामुळे काही उत्तरे एका वाक्यात संपली असली, तरी एका प्रश्नावर मी मुद्दाम विस्ताराने लिहिले आहे.

प्रश्न : डेक्कन क्वीनने लोणावळ्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचे आहे. आरक्षण किती दिवस आधी करावे? (ठाणे)

आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि अनेकांच्या डोक्यात अजून तीच आहे. पण तुमच्या बेतासाठी ही गाडी चालणार नाही, कारण ती सकाळी पुण्याहून मुंबईला येते आणि संध्याकाळी मुंबईहून पुण्याला जाते. ती पुणेकरांच्या सोयीची गाडी आहे. मुंबईहून एका दिवसाची सहल करणाऱ्याने सर्वांत आधी हे पाहावे की गाडी कोणत्या गावची आहे, म्हणजे सकाळी ती कुठून निघते. पंचवटी एक्सप्रेस नाशिककरांची आहे, फ्लाइंग राणी सुरतकरांची आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईहून दोन वंदे भारत गाड्या सुरू झाल्या. त्यांपैकी साईनगर शिर्डीची गाडी सकाळी मुंबईहून निघून रात्री परतते, म्हणून ती मुंबईकरांच्या उपयोगाची, तर सोलापूरची गाडी नेमकी उलट, म्हणून निरुपयोगी. लोणावळ्यासाठी सकाळी मुंबईहून सुटणाऱ्या इंद्रायणी, इंटरसिटी आणि डेक्कन एक्सप्रेस या गाड्यांचा विचार करावा, आणि लोणावळ्याचा थांबा व परतीची वेळ रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकावर विचारून खात्री करावी.

याच संदर्भात आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. लोणावळ्याहून लोकल सुटते हे खरे आहे, परंतु ती पुण्याला जाते. मुंबईची उपनगरी सेवा या बाजूला कर्जत आणि खोपोलीपर्यंतच आहे. कर्जतच्या पुढे बोरघाटात सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे आणि तो चढण्यासाठी गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. ‘काही नाही मिळाले तर लोकलने येऊ’ असे लोणावळ्यात बसून म्हणता येत नाही.

प्रश्न : मुंबई ते लोणावळा असे एकच तिकीट काढून मध्ये कर्जतला उतरून दोन तासांनी पुढे जाता येईल का? (मुलुंड)

नाही, इतक्या कमी अंतराच्या तिकिटावर प्रवास मध्येच थांबवण्याची सवलत नसते, म्हणून दोन वेगळी तिकिटे काढावीत.

प्रश्न : येत्या रविवारी आम्ही आठ मित्र आसनगावहून माहुली किल्ला करणार आहोत. उतरायला उशीर झाला तरी शेवटची लोकल मिळेल, असे एकाने सांगितले आहे आणि तिची वेळही पाठवली आहे. हा बेत योग्य आहे का? (डोंबिवली)

योग्य नाही. अशी पत्रे दर मोसमात येतात आणि प्रत्येकात ‘शेवटची लोकल’ हा शब्द असतो, म्हणून या बेतात काय काय चुकते ते सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, ज्या मित्राने वेळ पाठवली त्याने ती कुठून घेतली? बहुधा कुणीतरी कधीतरी काढलेला वेळापत्रकाचा फोटो गटागटांतून फिरत तुमच्यापर्यंत आला आहे. त्यावर तारीख नसते. उपनगरी वेळापत्रक बदलत असते. एखादी लोकल कसाऱ्याऐवजी अलीकडच्या स्थानकावरून सुटू लागते, एखादी दहा मिनिटे आधी निघू लागते. कल्याणच्या आत दहा मिनिटांचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण मागून दुसरी गाडी येतच असते. आसनगाव ज्यावर आहे त्या कल्याण-कसारा मार्गावर गाड्या विरळ आहेत आणि एक चुकली तर तास-तासभर फलाटावर बसावे लागते. शेवटची चुकली तर रात्र काढावी लागते.

दुसरी गोष्ट, तुम्ही रविवार निवडला आहे. रूळ, ओव्हरहेड तारा आणि सिग्नल यांच्या देखभालीसाठी मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक आणि पश्चिम रेल्वेवर जम्बोब्लॉक घेतला जातो. हे काम आवश्यक आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण ज्या रुळांवर आपण आठवडाभर विसंबतो ते याच वेळात दुरुस्त होतात. पण त्या काळात जलद गाड्या धिम्या मार्गावर वळवल्या जातात, काही रद्द होतात आणि उरलेल्या उशिराने धावतात. दिवसाचा ब्लॉक संध्याकाळी संपला तरी विस्कळीत झालेल्या फेऱ्या जागेवर यायला वेळ लागतो. त्याखेरीज पुलाच्या किंवा गर्डरच्या कामासाठी शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री विशेष ब्लॉक घेतात, आणि तेव्हा नेमकी शेवटचीच लोकल लवकर सोडली जाते किंवा अलीकडे थांबवली जाते. ही माहिती रेल्वे एक-दोन दिवस आधी प्रसिद्ध करते. ती शनिवारी संध्याकाळी वाचावी. गेल्या आठवड्याची चालत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. बेत नेहमी परतीपासून मागे मोजत यावा. शेवटची लोकल अमुक वाजता असेल, तर तिच्या आधीची, शक्य असल्यास तिच्याही आधीची लोकल ही ‘आपली’ गाडी समजावी, आणि शेवटची गाडी पाय मुरगळणे, वाट चुकणे, पाऊस अशा प्रसंगांसाठी राखून ठेवावी. आपल्या गाडीच्या अर्धा तास आधी फलाटावर असायचे, तर पायथ्याच्या गावातून स्थानकाकडे किती वाजता निघायला हवे? त्या वेळी तिथे रिक्षा किंवा जीप मिळते का? स्थानकाबाहेर सकाळी उभ्या असलेल्या रिक्षा पाहून सगळे निश्चिंत होतात, परंतु अंधार पडल्यावर गावाकडून स्थानकाकडे येणारे वाहन मिळणे ही वेगळीच बाब आहे. सकाळी सोडणाऱ्या रिक्षावाल्याशीच परतीची वेळ ठरवून त्याचा क्रमांक घ्यावा. आणि मग सर्वांत कठीण भाग : त्या हिशेबाने ज्या वेळी किल्ल्यावरून उतरायला लागायला हवे, त्या वेळी माथा गाठला नसला तरी मागे फिरावे. आठ जणांपैकी एकाला हा अधिकार सकाळीच द्यावा आणि इतरांनी त्याचे ऐकावे.

ही काळजी फाजील वाटेल. परंतु उशीर झालेली माणसे काय करतात ते मी अनेकदा पाहिले आहे. ती पूल टाळून रूळ ओलांडतात, सुटलेली लोकल धावत पकडतात, दारात लटकतात. रूळ ओलांडणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार आणि पायदानावरून प्रवास करणे हा कलम १५६ नुसार गुन्हा आहे, पण कायद्याची भीती हे मुख्य कारण नव्हे. दिवसभर चढउतार करून थकलेल्या पायांचा अंदाज चुकतो, आणि ही चूक सुधारता येत नाही. उशीर झालाच, तर फलाटावरच्या स्टेशन मास्तरांना भेटून पुढची गाडी कोणती, हे विचारावे. कल्याणपर्यंत आणणारी एखादी लांब पल्ल्याची गाडी थांबणार आहे का आणि तुमच्या तिकिटावर तिच्यात बसता येईल का, हे तेच सांगू शकतील.

प्रश्न : ज्येष्ठ नागरिकांची सवलत पुन्हा सुरू झाल्याचा संदेश आला आहे. तिकीट कसे काढावे? (गिरगाव)

ही सवलत २० मार्च २०२० पासून बंद आहे. असे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत. ते पुढे पाठवण्यापूर्वी तिकीट खिडकीवर विचारावे.

प्रश्न : शिर्डीच्या गाडीचे ‘हमखास कन्फर्म’ तिकीट थोडे जादा पैसे घेऊन देतो, असे एक एजंट म्हणतो. घ्यावे का? (बोरिवली)

घेऊ नये. हमखास कन्फर्म तिकीट देण्याचा अधिकार कोणत्याही एजंटाला नाही. तो बहुधा तीनपैकी एक गोष्ट करतो : दुसऱ्याच्या नावाचे तिकीट देतो, वैयक्तिक खात्यावरून तिकिटे काढून विकतो, किंवा प्रतीक्षायादीतले तिकीट देऊन ‘होऊन जाईल’ असे सांगतो. अनधिकृत तिकीटविक्री हा कलम १४३ नुसार गुन्हा आहे, आणि ओळखपत्र न जुळल्यास गाडीतून उतरावे लागते ते तुम्हाला, एजंटाला नव्हे. ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता लागल्यावरही पूर्णपणे प्रतीक्षायादीत राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. काही खासगी अ‍ॅप तिकीट पक्के होण्याची ‘शक्यता’ टक्क्यांत दाखवतात आणि त्यासोबत जादा पैशांची हमी विकतात. तो आकडा अंदाज असतो. त्यावर पाच माणसांचा दिवस लावू नये. एकाच दिवसाच्या सहलीत दोन्ही बाजूंची तिकिटे पक्की असल्याखेरीज निघू नये, कारण जाण्याचे पक्के आणि येण्याचे प्रतीक्षायादीत, ही अवस्था सर्वांत वाईट. अधिकृत एजंटाकडून तिकीट घेत असाल, तर सेवाशुल्काची पावती मागावी, आणि शंका आली तर आरक्षण केंद्रावर तिकीट दाखवून खात्री करावी.

प्रश्न : अलिबागला कोणती गाडी जाते? (दादर)

अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे एसटीने जावे लागते.

प्रश्न : जुलैत आईला मिनी ट्रेनने माथेरानला न्यायचे आहे. तिचे गुडघे दुखतात. (भांडुप)

१९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीची पूर्ण फेरी पावसाळ्यात बंद ठेवतात, कारण दरडी कोसळतात आणि रुळांखालची माती वाहून जाते. २०१९ च्या पावसात झालेल्या नुकसानीनंतर हा मार्ग पूर्ववत व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. पावसाळ्यात अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी सहसा चालू असते. म्हणजे नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत आणि तेथून या गाडीने, असे जावे लागेल. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, त्यामुळे गाडीतून उतरल्यावरही चालणे टळत नाही, आणि लाल मातीच्या वाटा पावसात निसरड्या होतात. फेरी चालू आहे का हे नेरळ स्थानकावर आदल्या दिवशी विचारावे. आईंनी किती चालावे हे तिच्या डॉक्टरांनी सांगावे, मी नव्हे. माझे मत विचाराल तर ऑक्टोबरनंतर न्यावे.

प्रश्न : बाहेरगावचे पाहुणे तीन दिवस आमच्याकडे आहेत. प्रत्येक वेळी तिकीट काढण्याऐवजी काही सोय आहे का? (परळ)

आहे. उपनगरी मार्गांवर एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते. सध्याचा दर आणि वातानुकूलित लोकलमध्ये ते चालते का, हे खिडकीवरच विचारावे. साध्या लोकलच्या तिकिटावर वातानुकूलित डब्यात बसू नये. किमान २५० रुपये दंड आणि भाडे भरावे लागेल.

प्रश्न : मुलांना केळव्याच्या समुद्रावर न्यायचे आहे. मोठ्या पावसाचा अंदाज आहे, पण लोकल तर चालूच असतात. जावे का? (विरार)

ज्या दिवशी हवामान खात्याने लाल किंवा नारिंगी इशारा दिला असेल, त्या दिवशी जाऊ नये. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून जातात, पण त्यांची संख्या कमी आहे. शिवाय केळवे रोड स्थानकापासून किनारा काही किलोमीटर आत आहे, तेव्हा गाड्या विस्कळीत झाल्यावर मुलांसह तिथे अडकणे सुखाचे नाही. ‘लोकल चालूच असतात’ या वाक्यावर विसंबू नये. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. ती गाडीसुद्धा मुंबईहून नेहमीप्रमाणेच सुटली होती.

पाऊस ओसरल्यावर जरूर जा. सुरूच्या झाडांची सावली, लांब किनारा आणि शीतलादेवीचे मंदिर असे सगळे तिथे जवळजवळ आहे. फक्त निघण्यापूर्वी भरतीची वेळ पाहून ठेवा, पाणी चढत असताना मुलांना आत सोडू नका, आणि कुठे उतरणे सुरक्षित आहे ते किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना किंवा जीवरक्षक असल्यास त्याला विचारा. परतीची लोकल केळवे रोडला उतरल्याबरोबर स्थानकावरच्या वेळापत्रकात पाहून घ्यावी, रिक्षात बसण्याआधी.