एटी-एटी पहिल्याच पावलाला तोंडघशी का पडतो?

प्रश्न : प्रदर्शनासाठी आमच्या मुलांनी ‘स्टार वॉर्स’मधला एटी-एटी, म्हणजे चार पायांवर चालणारं लढाऊ यंत्र, केला आहे. तिरप्या कोपऱ्यांचे दोन पाय एकदम उचलले जातात. पुढच्या-मागच्या आसांत 120 मिमी, डाव्या-उजव्या पायांत 90 मिमी अंतर आहे. पाय क्रँकपासून (आसाबरोबर फिरून पाय हलवणारा छोटा दांडा) घोट्यापर्यंत 140 मिमी, क्रँक 12 मिमी, पायाच्या खाचेतली, धडाला पक्की असलेली पिन आसाच्या 60 मिमी खाली. तळवे 30 मिमी रुंद. एकूण वजन 600 ग्रॅम, त्यात डोकं 120 ग्रॅम. सुरू केलं की तोंडघशी पडतो, आणि धरून चालवला तर मागचे पाय मधेच उलटे फिरतात. 100 आरपीएमची (मिनिटाला 100 फेरे) बीओ मोटर, म्हणजे बॅटरीवरची छोटी गिअर मोटर, काढून 200ची लावली, तरी तेच.
– विज्ञान शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : 200ची मोटर आधी काढा. दोष ताकदीचा नाही, वजन कुठे पडतं याचा आहे.

पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय टेकलेले असताना सगळा भार त्या दोन तळव्यांना जोडणाऱ्या तिरप्या रेषेवर असतो. पाऊल सुरू होताना आणि संपताना ही रेषा धडाच्या मध्यापासून साडेपंधरा मिमी सरकलेली असते. घोटा बिजागरीचा असल्याने तळवा पुढे-मागे तोल धरू शकत नाही, फक्त आडवा धरतो. म्हणून 15.5 ला 90/120 ने गुणा : आडवे 12 मिमी लागतात. तुमचा अर्धा तळवा 15 मिमी, म्हणजे उरले 3. त्यात धडाच्या मध्यापासून 110 मिमी पुढे लटकलेलं डोकं गुरुत्वमध्य 22 मिमी पुढे ओढतं आणि आणखी 16 मिमी मागतं. पडणारच.

तळवे 50 मिमीचे करा : प्लायच्या गोल चकत्या, खाली सायकलच्या ट्यूबचं रबर. शाळेच्या फरशीवर धूळ असतेच, रबराशिवाय पाय घसरतात. डोकं आतून पोकळ, कार्डशीटचं, 50 ग्रॅमच्या आत. मोटरचे दोन्ही 18650 सेल (चार्ज होणारे लिथियम सेल, मिळून साधारण 90 ग्रॅम) मधून काढून मागच्या आसावर न्या. एवढ्याने डोक्याचा ओढा जवळपास फिटतो.

आता क्रँक. तुमच्या मापात धड दर पावलाला सुमारे 15 मिमी वर-खाली होतं, आणि 600 ग्रॅम उचलण्यातच मोटर तापते. क्रँक 6 मिमी आणि पिन 30 मिमी खाली घ्या. प्रमाण तेच राहतं, पण उसळी 9 मिमीवर येते आणि पाऊल 31 वरून 43 मिमी होतं. आडवी गरज 16 मिमी होईल, 50 मिमीच्या तळव्यात ती बसते. खाच निदान 17 मिमी लांब ठेवा. सनबोर्डात ती आठवड्यात फाटते, 4 मिमी प्लाय घ्या आणि कडांना मेणबत्ती घासा.

मागचे पाय उलटे फिरतात, त्यावरून तुम्ही दोन क्रँक पट्टीने जोडले असावेत. पट्टी आणि क्रँक एका रेषेत आले की मागच्या क्रँकला दोन्ही दिशा मोकळ्या असतात, थोडा अडथळा आला की तो भलत्या बाजूला वळतो. डावे-उजवे क्रँक 180 अंशांवर असल्याने दोन्ही बाजू एकाच क्षणी अशा अडतात. विदर्भातल्या नॅरोगेज शकुंतला रेल्वेवर 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं. अशा इंजिनांत दोन बाजूंचे दांडे 90 अंशांनी पुढे-मागे ठेवतात ते यासाठीच. लहान मॉडेलमध्ये मात्र ते दांडे पायाच्या पिनांना आडवे येतात. त्यापेक्षा 2 मिमी दात-अंतराचा 280 मिमीचा बंद जीटी2 दातेरी पट्टा आणि 20 दातांच्या दोन पुली लावा, 120 मिमी अंतरावर तो नेमका बसतो. रबर बँड नको, तो घसरतो आणि पायांची वेळ चुकते.

मोटर 60 आरपीएमची, मधे वेग कमी-जास्त करणारा छोटा पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर. आस मिनिटाला 30 फेरे फिरला की चाल जड, भारदस्त दिसते. आणि सांधे ग्लू गनने जोडू नका. एप्रिल-मेच्या उन्हात टिनाच्या खोलीत तो गोंद मऊ पडतो. फेविक्विकवर खायचा सोडा भुरभुरा, क्षणात दगड होतो.

प्रश्न : मग चित्रपटात तो इतका सरळ कसा चालतो?
– इयत्ता नववी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : 1980च्या त्या चित्रपटात तो मोटरवर चालतच नाही. मॉडेल हाताने किंचित हलवायचं, एक फ्रेम टिपायची, असं पडद्यावरच्या एका सेकंदासाठी 24 वेळा. चालीसाठी त्या मंडळींनी हत्तीचा अभ्यास केला होता. हत्ती सावकाश चालतो तेव्हा एका वेळी एकच पाय उचलतो.

प्रश्न : हीच यंत्रणा तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलात बसेल का?
– पालक, ता. कळमेश्वर, जि. नागपूर

उत्तर : बसेल, पण बैलाचे खूर बारीक, त्यांच्यावर तोल राहणार नाही. चाकांचा पाट तसाच ठेवा, वजन चाकांवर द्या आणि पाय पाटाच्या 3 मिमी वर नुसते हलू द्या. क्रम मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, प्रत्येकी 90 अंशांचा फरक. तोल चाकांवर असल्याने खुरांचं माप इथे महत्त्वाचं नाही. क्रम चुकला तर मात्र पोरं लगेच ओळखतात, त्यांनी रोज बैल पाहिलेला असतो.