ठेच लागली की कळ उशिरा का येते?

प्रश्न : मी अकरावीला विज्ञान शाखेत आहे. मेंदू कसा चालतो याचं मला वेड आहे. परवा पायाचा अंगठा दाराला आपटला, तेव्हा ‘आपटलं’ हे आधी कळलं आणि खोल ठणका जरा वेळाने आला. असं का, हे विचारलं तर ‘परीक्षेला येणार नाही’ असं उत्तर मिळालं. बाबा म्हणतात, मेंदूच शिकायचाय तर न्यूरोसर्जन हो. पण मला रक्त पाहून चक्कर येते. गणितही नकोसं झालंय. ते सोडून फक्त जीवशास्त्र धरू का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : बाबा, चक्कर आणि गणित थोडे थांबू देत. आधी तुझा अंगठा.

पायाच्या बोटापासून कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंतचं अंतर साधारण एक मीटर. या वाटेवरचे चेतातंतू एका जातीचे नसतात. स्पर्श आणि दाब कळवणारे तंतू जाड असतात आणि त्यांच्यावर मायलिनचं, म्हणजे एका स्निग्ध थराचं, वेष्टण असतं. या वेष्टणात थोड्या थोड्या अंतरावर फटी असतात आणि संदेश एका फटीवरून दुसरीवर उड्या मारत जातो. वेग सेकंदाला 50 मीटरच्या आसपास. ठणका कळवणारे तंतू मात्र बारीक, त्यांना वेष्टणच नाही. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम 1 मीटर, म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढा. त्यामुळे आपटल्याची बातमी सुमारे 20 मिलिसेकंदांत मज्जारज्जूशी येते आणि ठणका जवळजवळ एक सेकंद मागून. मधल्या वेगाचेही तंतू आहेत. ठणक्याच्या आधीची टोचरी कळ त्यांची.

ठेच सगळ्यांनाच लागते. पण कळवळण्याच्या नादात ही मधल्या वेळेची फट बहुतेकांच्या हातून निसटते. तुझ्या हातून निसटली नाही, आणि तुझ्या पत्रातली ही ओळ मला गुणांपेक्षा जास्त सांगून गेली.

आता गणित. चेतातंतूतला संदेश इतका झटपट जातो की त्याचा वेग कधी मोजता येणार नाही, असं योहानेस म्यूलर या मोठ्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाला वाटत होतं. त्याच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, 1850 च्या सुमारास तो मोजून दाखवला. बेडकाच्या पायाचा स्नायू आणि त्याला जोडलेला चेतातंतू घेतला. तंतूला एकदा स्नायूजवळ विजेचा झटका दिला, एकदा लांबून. दोन्ही वेळी स्नायू आकसायला किती वेळ लागला ते मोजलं. अंतरातला फरक भागिले वेळेतला फरक, झाला वेग. यातली वजाबाकी-भागाकार तुला चौथीत येत होते. हा माणूस शिकला डॉक्टरी आणि पुढे नाव काढलं भौतिकशास्त्रात.

दुसरी जोडी हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांची. चेतापेशीतला विद्युत-संदेश नेमका कसा उठतो हे शोधायला त्यांनी समुद्रातल्या स्क्विडचा अवाढव्य तंतू निवडला. तो इतका जाड असतो की आत तार घालता येते. सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत धावतात, मग पोटॅशियमचे बाहेर जातात, हे सगळं त्यांनी समीकरणांत बांधलं. ती सोडवायला संगणक मिळेना, तर हक्सलीने हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर आकडेमोड केली. ते काम 1952 साली प्रसिद्ध झालं, 1963 मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि ती समीकरणं आजही वापरात आहेत. तेव्हा गणित सोडू नकोस, मी स्पष्टच सांगते. तुला गणिताचा कंटाळा आहे की गणिताच्या तासाचा, ते मात्र जरा तपासून बघ.

बाबांचं म्हणणं चुकीचं नाही, पण त्यांनी घराच्या एकाच खोलीचं नाव घेतलंय. डॉक्टरी बाजूलाही न्यूरोलॉजिस्ट वेगळा आणि न्यूरोसर्जन वेगळा. न्यूरोलॉजिस्ट शस्त्रक्रिया करत नाही. रुग्ण चालतो कसा, बोलतो कसा, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय किती उडतो, यावरून बिघाड मेंदूत आहे, मज्जारज्जूत आहे की बाहेरच्या तंतूत, ते तो हुडकतो. तुझी नजर मला तिकडची वाटते. शिवाय वाचा-श्रवणोपचार, फिजिओथेरपी, मानसशास्त्र याही वाटा आहेत, आणि त्या ‘डॉक्टरी हुकली म्हणून’ घ्यायच्या नाहीत.

रक्त पाहून येणारी चक्कर ही तर चेतासंस्थेचीच करामत. व्हेगस नावाची चेता हृदयाची गती उतरवते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो आणि माणूस आडवा होतो. डॉक्टरी शिकणाऱ्या कित्येकांना सुरुवातीला हे होतं. सवयीने ते कमी होतं. हातापायांचे स्नायू घट्ट आवळून धरायची युक्तीही उपयोगी पडते. तेव्हा या एका कारणावरून डॉक्टरीवर फुली मारू नकोस. नको असेल तर दुसरं खरं कारण शोध.

संशोधनाची वाट निवडलीस तर तिचा रोजचा दिवस कसा असतो तेही ऐकून ठेव. शोध क्वचित लागतात. बहुतेक दिवस आकडे साफ करण्यात, प्रोग्रॅम लिहिण्यात आणि फसलेला प्रयोग पुन्हा लावण्यात जातात. पदवी, मग पीएचडी, मग आणखी काही वर्षं, असा पल्ला आहे. प्राण्यांवरचे प्रयोग आपल्याला पचतील का, हेही लवकर स्वतःला विचारावं लागतं.

हा दिवस तुला आवडेल का, ते घरबसल्या कळेल. दहा जणांना डोळे मिटून रांगेत उभं कर. प्रत्येकाने पुढच्याचा खांदा दाबायचा. आपला खांदा दाबला गेला की लगेच पुढच्याचा दाबायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेळ लागला ते मोज. मग बसून तेच घोट्यावर कर. घोट्यापासून मेंदू खांद्यापेक्षा साधारण एक मीटर जास्त लांब, म्हणजे दहा जणांत दहा मीटर. हेल्महोल्ट्झसारखाच भागाकार कर. फरक 0.2 सेकंदांच्या आसपास यायला हवा.

पहिल्यांदा येणार नाही. रांगेला सराव होईल तसा वेळ आपोआप घटत जाईल, आणि घोटा खांद्यापेक्षा वेगवान निघेल! मग फेऱ्या कोणत्या क्रमाने लावायच्या ते तू ठरव आणि आलेला आकडा मला कळव. बाबांनाही रांगेत घे.