बिल कार्डाने भरलं तर कंपनी जादा पैसे का घेते? हे योग्य आहे का?

कार्डाने भरलेल्या रकमेतला थोडा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला, थोडा कार्ड नेटवर्कला (म्हणजे व्हिसा, रुपेसारख्या व्यवहार जोडणाऱ्या संस्थेला) आणि थोडा कंपनीच्या बँकेला जातो. हाच खर्च कंपनी ‘सुविधा शुल्क’ म्हणून तुमच्या बिलावर चढवते. खर्च खरा आहे, मान्य. पण छपाई, कर्मचारी, वसुली हे सगळं दरातच धरलेलं असतं. मग पैसे स्वीकारण्याचा खर्च तेवढा वेगळा कशासाठी? मला तरी हे पटत नाही. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने इंटरचेंज शुल्क, म्हणजे कंपनीची बँक कार्ड देणाऱ्या बँकेला देते तो हिस्सा, डेबिट कार्डासाठी ०.२ आणि क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्यांवर रोखलं, आणि जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या अशा कार्डांवर जादा आकारणीलाच बंदी घातली. म्हणजे मनावर घेतलं तर हे थांबवता येतं.

सर्वात जास्त खटकतं ते काउंटरवर रोख भरणाऱ्यांकडून घेतलेलं शुल्क. त्यात वयस्कर किंवा बँकखातं नसलेली माणसं भरडली जातात, ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच नसतो.

पैसे भरण्याआधी स्क्रीनवरची अंतिम रक्कम बिलाशी ताडून पाहा. बिनशुल्क मार्ग कोणता, हे कंपनीला लेखी विचारा. एकही नसेल, तर त्या क्षेत्राच्या नियामकाकडे तक्रार नक्की करा.