जीआरई परत देताय? क्लास लावायच्या आधी हे वाचा

दरवर्षी गणपतीला मुलं गावी आली की एकदोघं तरी कुडाळला माझ्याकडे येतातच आणि रडगाणं एकच, मॅडम जीआरई (परदेशात पुढच्या शिक्षणासाठी द्यायची प्रवेश परीक्षा) दिली, व्हर्बल म्हणजे इंग्रजी ठीक आलं पण क्वांटमध्ये, म्हणजे गणितात, मार खाल्ला, माझं गणितच कच्चंय, परत द्यायच्या आधी कुठला क्लास लावू? इंजिनिअर झालेली मुलं ही! आणि त्या परीक्षेचं गणित शाळेतलंच, कॅल्क्युलस नाही, त्रिकोणमिती नाही, वर स्क्रीनवर कॅल्क्युलेटरपण देतात.

त्यातलीच एक, देवगडकडची, बाबांची हापूसची बाग (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). क्वांटला १७० पैकी १५४. आईचं टुमणं, परत पैसे कित्याक घालवतस.

मी म्हटलं क्लासचं नंतर बघू, सराव परीक्षेत चुकलेली गणितं आण आणि घड्याळ न लावता इथे बसून सोडव. बहुतेक सगळी आली. खूश व्हायचं सोडून ती रडायलाच लागली.

"येत होतं तरी चुकलं, म्हणजे मी अजूनच मूर्ख ना?"

ह्या वाक्यासाठीच मी थांबले होते. गणित कच्चं म्हटलं की क्लास लावता येतो, घरी मेहनत दिसते, बरं वाटतं. येत असून चुकतं हे पचवणं जड. मी अल्बर्ट एलिसला मानणारी (हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणायचा, त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या समजुतीने होतो), त्यामुळे माझं लक्ष चुकीपेक्षा चुकीच्या आधी डोक्यात काय आलं तिकडे जास्त असतं.

"एक्स धन आहे. एक्सचा वर्ग मोठा की एक्स?"

"वर्ग." लगेच.

"एक्स अर्धा असला तर?"

"माहितीय हो मॅडम! दहावीला ९६ होते मला."

"मग तपासलं का नाहीस?"

"एवढ्या सोप्याला काय तपासायचं..."

आणि अवघड गणितावर हीच मुलगी पाच-पाच मिनिटं अडून बसायची, क्वांटच्या पहिल्या भागात २१ मिनिटांत १२ प्रश्न असताना. सोडून पुढे का नाही गेलीस, तर म्हणे "मग मी इंजिनिअर कसली?"

म्हणजे सोपं तपासलं तरी कमीपणा, अवघड सोडलं तरी कमीपणा. परीक्षेला ह्या अब्रूचं काही पडलेलं नसतं, एका भागातल्या प्रत्येक प्रश्नाचं वजन सारखंच, चुकीला मार्क कापत नाहीत आणि खूण करून त्या भागाची वेळ असेपर्यंत परत येता येतं.

"बाबा पेटी भरताना एका डागी आंब्यावर सकाळ घालवतात काय गो?"

तेव्हा कुठे हसली.

पुढे एक वही केली, चुकलेलं गणित आणि त्याच्यासमोर तेव्हा मनात काय चाललं होतं ते. घड्याळाशिवायही जे चुकतं तेवढंच खरं कच्चं, तिचं प्रोबॅबिलिटी आणि आलेखांचं निघालं, तेवढंच शिकली, क्लास न लावता. आणखी एक, दुसरा भाग अवघड आला की मुलं हातपाय गाळतात, अरे पहिला चांगला गेला म्हणून तो तसा येतो! परत द्यायला मध्ये २१ दिवस जावे लागतात, आणि कुठल्या वेळचा स्कोअर विद्यापीठाला पाठवायचा ते तुम्हीच ठरवता, त्यामुळे आधीच्या १५४ चं ओझं घेऊन बसू नका.

तिला १६३ आले. व्हर्बल मात्र दोनने उतरलं, तर लगेच फोन, मॅडम तिसऱ्यांदा देऊ का? मी विचारलं, कोणासाठी?

"काका विचारत होते."