बर्नर किती दिवसांनी धुवावेत?

प्रश्न : ऐरोलीला आमच्याकडे पाइपचा गॅस आहे. हल्ली ज्योत पिवळी येते, कुकरचं बूड काळं होतं. बर्नर किती दिवसांनी साफ करावेत?

उत्तर : ताई, दूध उतू गेलं तर त्याच दिवशी, बर्नर गार झाला की लगेच. साय भोकांत एकदा वाळली की खरवडूनही निघत नाही. एरवी रोजचा स्वयंपाक असलेल्या घरात पंधरवड्यातून एकदा पुरे.

गॅसचा खटका बंद करा. पितळी बर्नर कोमट पाण्यात चिंच कोळून अर्धा तास ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. भोकं बारीक तारेने मोकळी करा. आगकाडी नको, ती आत मोडते. नीट वाळवूनच परत बसवा. ओल्या बर्नरची ज्योत फडफडते.

एवढं करूनही पिवळी राहिली, तर बर्नरखालची नळी बघा. कोपरीत मी 26 वर्षं शेगड्या दुरुस्त करतोय. पावसाळ्यात त्या नळीत झुरळं हमखास सापडतात. हवा अडते, गॅस अर्धवट जळतो आणि काजळी धरते. अशा जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला वासही नसतो. म्हणून तोवर स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवाच.

नोझलमध्ये, म्हणजे नळीच्या तोंडाशी गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात, मात्र सुई घालू नका, कळकळीने सांगतो. भोक जरा जरी मोठं झालं तरी गॅसचं माप बिघडतं. त्यासाठी गॅस कंपनीचा माणूसच बोलवा.