पाय टेकवायचा नाही

"काका, सायकल विकू का?" एवढंच लिहिलंस, तेही रात्री पावणेबाराला. सोबत फोटो. ट्रेनरवर, म्हणजे घरातल्या घरात पेडल मारायच्या त्या स्टँडवर, चढवलेली सायकल, हँडलवर वाळत घातलेले मोजे, सीटवर स्वेटर. आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग आठवलं की माझ्याही ट्रेनरवर एक अख्खी जानेवारी काकूची शाल पडून होती.

विकू नकोस. पण "तू करू शकशील" वगैरे मी लिहिणार नाही. करू शकतेस हे तुला माहीत आहे, मलाही आहे. सप्टेंबरात तीनशे किलोमीटरची बीआरएम, ती ठरल्या वेळेत संपवायची लांब सायकलफेरी, तू पावसात पूर्ण केलीस. तुझा प्रश्न पायांचा नाहीच. प्रश्न त्या बेसमेंटचा आहे. वीतभर खिडकी, तिच्यातून दिसणारे लोकांचे बूट, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारासच काळोख. कॅनडात, या ओंटारियोत, मी सव्वीस हिवाळे काढले. नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे गेली की माझंही तोंड आठवडाभर उतरलेलं असतं.

तू लिहितेस, "वीस मिनिटांत कंटाळा येतो, मग उतरते." तुझं सगळं दुखणं या वाक्यात आहे, आणि ते "कंटाळा" या शब्दात नाही. "उतरते" या शब्दात आहे.

बाहेर तीस किलोमीटर गेलीस की परतीचे तीस कापावेच लागतात. कंटाळा आला तरी घर काही जवळ येत नाही. ट्रेनरवर मात्र माणूस दर मिनिटाला घरीच असतो. चहाचं भांडं चार पावलांवर, पलंग सहा पावलांवर. म्हणजे तासाभरात साठ वेळा "उतरू का?" असं स्वतःला विचारायचं आणि साठ वेळा नाही म्हणायचं. रस्त्यावर असा प्रसंग तासात एकदाही येत नाही. त्यामुळे सांगतो ते एकच. पाय टेकवायचा नाही.

गणपतीत संथ सायकल स्पर्धा व्हायच्या, तुझ्या लहानपणीही असतील. शेवटी येईल तो जिंकला, आणि पाय टेकला की बाद. त्याहून मोठा गुरू मला तासगावला भेटला, मी आठेक वर्षांचा असताना. शाळेच्या मैदानावर एक माणूस सात दिवस सात रात्री सायकलवरून न उतरता गोल फिरत होता. बांबूला कर्णा बांधलेला, दिवसभर रेकॉर्डी चालू. तो सायकलवरच जेवायचा, सायकलवरच दाढी करायचा. चालत्या सायकलवर डोक्यावरून बादली ओतून घ्यायचा आणि आम्ही पोरं त्या पाण्यात भिजायला मागे पळायचो. लोक त्याच्या शर्टाला नोटा टाचायचे. पाचव्या रात्री वडिलांबरोबर गेलो होतो. गर्दी नव्हती, कर्णा बंद होता, एका ट्यूबलाइटच्या उजेडात तो इतका हळू फिरत होता की आता पडेल असं वाटे. पाहायला आम्ही दोघं आणि एक कुत्रं. तरी पाय टेकला नाही. इनडोअर ट्रेनिंग म्हणतात ते हेच. फक्त त्याला छत नव्हतं.

आता तू म्हणशील, काका, तो पोटासाठी फिरत होता. होय. म्हणून तर त्याचं ऐकावं.

हे मला उशिरा कळलं आणि महागात पडलं. 2018-19च्या हिवाळ्याची माझी डायरी अजून आहे. 61 वेळा ट्रेनरवर बसलो, त्यातल्या 23 वेळा ठरलेला वेळ पूर्ण केला. बाकीच्या 38 वेळा फोन वाजला, पाणी संपलं, मालिकेचा भाग संपला, "आज पाय जड आहेत." प्रत्येक कारण खरं होतं, म्हणूनच घात झाला. ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकलफेरीला गेलो. 1200 किलोमीटर, 90 तास. ब्रेस्टला वळसा घालून परतताना लूदेआक गावच्या कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी, रात्री पोचलो, साधारण पावणेआठशे किलोमीटर झाले होते. ऑगस्ट असूनही थंडीने बोटं ब्रेकवर वळत नव्हती. पंक्चर नव्हतं, गुडघा ठीक होता, वेळेत तीन तास हातात होते. पण एका सोबत्याचे मित्र गाडी घेऊन आले होते. गाडीचं मागचं दार उघडं, आत घोंगडी. मी पाच मिनिटं बसतो म्हणालो. बस्स. अडतिसाव्या वेळेनंतरची एकोणचाळिसावी वेळ, एवढाच काय तो फरक. हिवाळाभर जे घोकलं तेच त्या रात्री म्हणून दाखवलं.

2023ला गेलो नाही. कारणं होती. कारणं असतातच.

हे वाचून तू उद्या दोन तास बसायला जाशील. ओळखतो मी तुला. जाऊ नकोस! चाळीस मिनिटं ठरव, आणि बसण्याआधी ठरव, बसल्यावर नाही. चाळीस म्हणजे चाळीस. एकेचाळीसही नको, नाहीतर पुढच्या वेळी मन सौदा करायला बसतं. आठवड्यातून चारदा पुरे. जमत नसेल तर वॉट कमी कर, वेळ कमी करू नकोस. हे पुन्हा वाच. इआरजी मोडमध्ये, म्हणजे ट्रेनर स्वतःच ठरलेले वॉट राखतो तेव्हा, कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) पंचाऐंशीवरून साठवर घसरला की मशीन तेवढेच वॉट मागत राहतं आणि पेडल चिखलात रुतल्यासारखं होतं. तिथे तू उतरतेस, पैज लावतो. उतरायचं नाही, टार्गेट खाली आणायचं. अगदी ऐंशी वॉटवर आण, गाणं म्हणत फिरव, पण पाय फिरता ठेव. त्यात कमीपणा नाही. तो पाचव्या रात्रीचा माणूसही हळूच फिरत होता.

आणि पंखा. तुझ्या फोटोत पंखा कुठे आहे? एवढ्या थंडीत पंखा कशाला, असं वाटलं असेल. अगं, पेडलमध्ये 160 वॉट घालतेस तेव्हा त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता अंग बाहेर टाकत असतं. बाहेर ती वारा नेतो, बेसमेंटमध्ये ती तुझ्याभोवती साचते. नाडी चढते, जीव घाबरतो आणि तुला वाटतं मन कच्चं आहे. तिथे मन नाही, हवा कमी पडते. दुसरं, ट्रेनरवर उतार नाही, सिग्नल नाही, पाय एक क्षण सुटा राहत नाही. रस्त्यावरचा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकतील तेवढे वॉट, इथे लागू करून रडू नकोस, इथला आकडा वेगळा धर. दर दहा मिनिटांनी पेडलवर उभी राहा, बूड बधिर होणार नाही. उभं राहणं म्हणजे उतरणं नव्हे.

पडद्यावर काय लावायचं विचारलंस. झ्विफ्टचं ते पडद्यावरचं सायकलिंग लाव, क्रिकेट लाव, मला फरक पडत नाही. पण आठवड्यातली एक बैठक काही न लावता कर. कोरी भिंत, पंख्याचा आवाज, साखळीचा आवाज. सहाशेच्या बीआरएमला पहाटे तीन वाजता तेवढंच असतं.

मॅट हेमन या व्यावसायिक सायकलपटूचं नाव तू ऐकलं असशील. 2016च्या फेब्रुवारीअखेरीस शर्यतीत पडून त्याचा हात मोडला. रस्ता बंद, म्हणून गॅरेजात ट्रेनरवर बसला आणि सहा आठवड्यांत, 10 एप्रिलला, पॅरिस-रूबे ही मोठी शर्यत जिंकला. वय सदतीस, शर्यतीची पंधरावी खेप. लोक हे सांगून ट्रेनर विकतात. मला त्यातलं एकच दिसतं. त्या गॅरेजालाही घरात जायचं दार असणार.

काकू म्हणते, मी या बाबतीत जरा वेडा आहे. तिला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी ती पायरीवरच्या बर्फावरून घसरली, बाहेरून हाक मारली, आणि माझी चार मिनिटं उरली होती. मी ती पूर्ण केली. तुला खोटं का सांगू? आवाजावरून कळलं होतं की फार लागलेलं नाही, आणि लागलं नव्हतंच, नुसतं मनगट मुरगळलं होतं. शिवाय बर्फावर मीठ टाकायची पाळी त्या दिवशी तिचीच होती. पाय टेकवायचा नाही म्हणजे असं नव्हे, हे मान्य. घरात कुणी पडलं तर उतर. पण उद्या दूध उतू जायला लागलं तर शेगडी तुझी मैत्रीण बंद करेल, तू नाही.

तर मोजे काढ त्या हँडलवरून. पंखा विकत घेऊ नकोस, माझ्याकडे एक जादा आहे. काकू रविवारी तुझ्याकडे किचनरला येणार आहे, तिच्याबरोबर पाठवतो. तिला चहा दे, मनगटाचा विषय काढू नकोस. आणि शनिवारी सकाळी फोन करायचा असेल तर आठनंतर कर. सात ते सात चाळीस मी उचलणार नाही.