दोन वायरिंग एकत्र विणू नका, मधे एकच कनेक्टर ठेवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच कळेल. गाडी १९८६ ची व्होल्वो २४० वॅगन, त्यात २००२ च्या पिकअप ट्रकमधलं ५.३ लिटरचं एलएम७ इंजिन, केबलचं थ्रॉटल, मागे ४एल६०ई ऑटोमॅटिक. इंजिन माउंटवर बसलंय, दोन्ही गाड्यांची वायरिंग जमिनीवर पसरलीत आणि तुम्ही विचारताय की दोन्ही सोलून एकच नवा हार्नेस, म्हणजे वायरचा जुडगा, विणू, का ट्रकचं सगळं वायरिंग डॅशबोर्डच्या क्लस्टरसकट, म्हणजे काटे-दिव्यांच्या पॅनेलसकट, गाडीत घालू.

दोन्ही नको. मी पहिल्या वॅगनला एकच हार्नेस विणला होता, दिसायला सुंदर झाला होता, पण दीड वर्षाने एक फॉल्ट आला तेव्हा तो इंजिनचा का बॉडीचा हे ठरवण्यातच तीन रविवार गेले. आता मी काय करतो तर व्होल्वोचं बॉडी वायरिंग व्होल्वोचंच ठेवतो, इंजिनचं वायरिंग इंजिनचंच ठेवतो आणि दोघांच्या मधे एक बारा किंवा सोळा पिनचा वॉटरप्रूफ कनेक्टर. हेडलाइट, वायपर, ब्लोअर, इंडिकेटर यांच्याशी इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे पीसीएमला, काही देणंघेणं नसतं. त्याला स्वतःचा पॉवर, स्वतःचा अर्थ आणि स्वतःचे सेन्सर लागतात, बाकी इकडून तिकडे जाणाऱ्या वायर मोजल्या तर दहा-बाराच्या वर जात नाहीत. काही बिघडलं की तो एक कनेक्टर काढायचा आणि बघायचं, निम्मा शोध तिथेच संपतो.

आता तुमच्याच गाडीची एक गोष्ट आहे जी कुठल्याही सर्वसाधारण सल्ल्यात येणार नाही. साधारण १९८७ पर्यंतच्या २४० च्या इंजिन हार्नेसचं इन्सुलेशन काळाबरोबर कडक होऊन तुकडे तुकडे पडतं, बोटाने वाकवली तरी तांबं उघडं पडतं. तुम्ही म्हणाल जुनं इंजिनच काढलं तर तो हार्नेस गेलाच की, पण नाही, अल्टरनेटर, टेंपरेचर सेंडर, ऑइल प्रेशरचा स्विच यांच्या वायरही त्याच गुंडाळ्यात आहेत आणि लोक त्या वाचवून नवीन इंजिनला जोडतात. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, पुढची इंजिनकडे जाणारी एकही जुनी वायर ठेवू नका. हेडलाइट आणि हॉर्नकडे जाणाऱ्या वायर वेगळ्या, त्या तपासून राहू द्या. आणि बॅटरीजवळ फेंडरवर जुन्या इंजेक्शनचा २५ अँपिअरचा एकटा फ्यूज होल्डर आहे तो गंजलेलाच सापडेल, तोही काढा.

मधल्या कनेक्टरमधून काय काय जातं ते सांगतो. इग्निशनचा लाइव्ह (चावी चालू असताना येणारा प्लस) म्हणजे १५ नंबर, सेल्फचा ५० नंबर, ब्रेकचा सिग्नल, चार्जिंगचा दिवा, ऑइलचा दिवा, टेंपरेचरचा काटा, टॅकोमीटर, चेक इंजिनचा दिवा, रिव्हर्स लाइट, पेट्रोल पंपाचा फीड. बॅटरीचा कायमचा लाइव्ह यातून नेऊ नका, तो बॅटरीपासून थेट इंजिनच्या नव्या फ्यूज बॉक्सला न्या, १० स्क्वेअर एमएमची केबल आणि बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा फ्यूज. व्होल्वोचा जुना फ्यूज बॉक्स पायाजवळ दरवाजाच्या बाजूला आहे, त्यात टोकदार फ्यूज असतात ज्यांच्या टोकांना गंज धरतो, त्याच्यावर इंजिनचा एक अँपिअरही टाकू नका.

१५ नंबर घ्यायच्या आधी मीटर लावून सेल्फ मारून बघा. चावीच्या स्विचवर काही टर्मिनल अशी असतात की सेल्फ मारताना मुद्दाम बंद पडतात, ब्लोअर वगैरेचा लोड कमी करायला. पीसीएमचा लाइव्ह तिथून घेतला तर इंजिन फिरतं पण पकडत नाही, आणि चावी सोडताना कधीमधी एखादा ठोका देतं, आणि माणूस मग सेन्सर बदलत बसतो. चावी चालू आणि सेल्फ, दोन्ही वेळी व्होल्टेज राहणारी वायर हवी, आणि तीही फक्त रिलेच्या (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) कॉइलला आणि पीसीएमच्या इग्निशन पिनला द्यायची, इंजेक्टर आणि कॉइलपॅकचा खरा करंट रिलेमधून.

ब्रेकचा सिग्नल नीट वाचा कारण इथे जवळपास सगळे फसतात. व्होल्वोचा ब्रेक स्विच पॅडल दाबलं की १२ व्होल्ट देतो. ट्रकच्या पीसीएमला उलटं लागतं, पॅडल मोकळं असताना १२ व्होल्ट आणि दाबलं की गायब, त्यावरून तो टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधली थेट पकड, सोडतो. थेट ब्रेक लाइटची वायर जोडली तर लॉकअप लागणारच नाही, गिअरबॉक्स गरम होत राहणार. पाच पायांचा रिले घ्या, पायांवर नंबर असतात, ब्रेक लाइटची वायर ८६ ला, ८५ अर्थ, इग्निशन लाइव्ह ३० ला आणि पीसीएमची वायर ८७ए वर.

अल्टरनेटरच्या एल पिनला थेट १२ व्होल्ट देऊ नका, मधे क्लस्टरमधला चार्जिंगचा दिवा हवाच, नाहीतर रेग्युलेटर जातो. दिवा साधा फिलामेंटचाच ठेवा, एलईडी घातला तर पुरेसा करंट जात नाही आणि अल्टरनेटर जागा होत नाही. टेंपरेचरच्या काट्यासाठी पीसीएमचा सेन्सर वापरायचा मोह टाळा, तो ५ व्होल्टच्या रेफरन्सवर चालतो, त्यात काटा जोडला की दोघंही खोटं बोलतात. उजव्या हेडच्या मागच्या टोकाला एम१२ बाय १.५ चा प्लग आहे, तो काढून अडॅप्टरने व्होल्वोचाच सेंडर बसवा. टॅकोमीटर चार सिलिंडरचा आहे म्हणजे त्याला एका फेरीला दोन पल्स लागतात, ते प्रोग्रॅमिंगमध्ये तसं सेट करून घ्या, आणि सिग्नलच्या वायरवर १२ व्होल्टला एक पुल-अप रेझिस्टर, म्हणजे सिग्नल वर ओढून धरणारा रोधक, लागतो. स्पीडोमीटरच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं, १९८६ पासून २४० चा स्पीडोमीटर इलेक्ट्रॉनिक झाला आणि त्याचा सेन्सर मागच्या डिफरन्शियलवर आहे, मूळ अॅक्सल ठेवलात तर तो काहीही न करता चालेल. पीसीएमला गिअरबॉक्सचा स्वतःचा स्पीड सेन्सर वेगळा आहेच. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला ट्रकची चोरी-रोधक सिस्टिम बंद करायला सांगायला विसरू नका, नाहीतर इंजिन दोन सेकंद चालून बंद पडेल आणि तुम्हाला वायरिंगचाच संशय येईल.

आता पंप, आणि वॅगनमध्ये खरी गंमत इथेच आहे. या इंजिनाला ५८ पीएसआय म्हणजे जवळपास ४ बार लागतात, चांगला टाकीतला पंप दहा-बारा अँपिअर खातो आणि टाकी गाडीच्या पार मागे. पुढून मागे वायर सहज ५ मीटर होते. जुनी १ स्क्वेअर एमएमची वायर धरली तर १० अँपिअरला एका बाजूलाच जवळपास ०.९ व्होल्ट पडतात, २.५ स्क्वेअर एमएमला ०.३५. मी ४ ची वापरतो, वजनात काही फरक पडत नाही. रिलेचं लक्षात ठेवा, हा पीसीएम पंपाच्या रिलेला प्लस देतो, म्हणजे रिलेचं दुसरं टोक अर्थला, पण पंख्याच्या रिलेला तो अर्थ देतो, म्हणजे तिथे दुसरं टोक लाइव्हला. दोन्ही एकसारखे जोडले तर एक चालणार नाही.

पंपाच्या अर्थबद्दल माझा अनुभव सांगतो. एका वॅगनला मी पंपाचा अर्थ मागच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे टेललाइट आणि मागच्या दरवाजाचे अर्थ एकाच स्क्रूखाली होते, तिथेच दिला. गाडी महिनाभर छान चालली. मग चढावर ती मधेच धापा टाकायला लागली, पण रोज नाही, कधीतरी. फिल्टर बदलला, पंप बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले, काही नाही. शेवटी एका पावसाळी संध्याकाळी लक्षात आलं की मागच्या काचेचा डिफॉगर चालू केला की होतंय. मीटर लावला तर पंपावर पुरते ११ व्होल्टही नव्हते. डिफॉगर आणि पंप मिळून वीस-बावीस अँपिअर त्या एका गंजलेल्या स्क्रूमधून जात होते, आणि स्क्रूचा विरोध नुसता ०.०५ ओहम असला तरी २२ अँपिअरला एक व्होल्टच्या वर तिथेच खलास. पंपाचा अर्थ स्वतंत्र, रंग खरवडून, स्वतःच्या बोल्टवर, त्या दिवसापासून माझा हा नियम कधी मोडला नाही.

इंजिनच्या बाजूला हार्नेसचे अर्थ सिलिंडर हेडच्या मागे येतात, ते तिथेच ठेवा, बॉडीला नेऊ नका. बॅटरीच्या मायनसपासून ब्लॉकला जाड केबल, ब्लॉकपासून बॉडीला वेगळी जाड पट्टी. ही पट्टी लावायची राहिली तर बॉडीकडचा सगळा करंट बारीक वायरमधून, थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो आणि त्या जळतात. सेन्सरचा अर्थ पीसीएममधून येतो तो पीसीएमलाच जातो, त्याला मधे कुठेही बॉडीला टेकवायचं नाही. तपासायला सोपं आहे, सेल्फ मारत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं हेडवर, ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर कुठेतरी अर्थ कच्चा आहे.

क्रँक सेन्सर स्टार्टरच्या मागे बसतो, शेजारी एक्झॉस्ट. त्याची वायर आधी बांधून टाका, उष्णतेची स्लीव्ह घालून, आणि मगच स्टार्टर चढवा, नंतर हात जात नाही.

मागच्या दरवाजाचं वायरिंग आत्ताच करून घ्या, कारण मागचं सगळं उघडलेलंच आहे. २४० वॅगनमध्ये बिजागरीपाशी वायर वर्षानुवर्षं वाकून वाकून आतलं तांबं तुटतं, वरून साबूत दिसतं. मागचा वायपर, डिफॉगर, नंबर प्लेटचा दिवा, सेंट्रल लॉक सगळं तिथून जातं आणि शॉर्ट झालं की फ्यूज उडतो आणि तुम्ही नव्या इंजिनला दोष देता. बारीक तारांची लवचीक वायर घ्या, जोड बिजागरीपासून लांब, छताच्या आत.

जोड क्रिम्पचेच, म्हणजे धातूची नळी वायरवर दाबून केलेले. सोल्डरने वायर जोडाच्या कडेला कडक होते आणि कंपनाने तिथेच तुटते. कनेक्टरच्या पिनला त्याच जातीचा चिमटा लागतो, साधा पक्कड चालत नाही, प्रत्येक क्रिम्प ओढून बघा. वर गोंदवाली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. सगळे जोड एकाच ठिकाणी आणू नका, मागेपुढे ठेवा नाहीतर गाठ होते. गुंडाळायला कापडी टेप, प्लॅस्टिकची टेप बोनेटखाली दोन उन्हाळ्यात चिकट होते. पीसीएम ट्रकमध्ये बोनेटखालीच असतो त्यामुळे बाहेर ठेवला तरी चालतं, एक्झॉस्टपासून लांब ठेवा म्हणजे झालं, आत आणायचा तर ८० पिनचे दोन कनेक्टर जातील एवढं भोक फायरवॉलला पाडावं लागेल. आणि टेप मारायची घाई नको, एअर फिल्टर, रेडिएटर, एक्झॉस्ट, बोनेट सगळं बसवून, दोऱ्याने बांधून, इंजिन हलवून बघून मग.

पहिल्यांदा पॉवर देताना पीसीएमचे कनेक्टर काढलेले असू द्या. मुख्य फ्यूजच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा, चावी बंद. बल्ब लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही त्यामुळे काही जळत नाही. बल्ब लागला नाही तर तो काढून खरा फ्यूज लावा, मग अल्टरनेटरचा दिवा, सेल्फ, पंप एकेक करून, पीसीएमच्या कनेक्टरवर कुठे १२ यायला हवेत आणि कुठे अर्थ ते कागदावर टिक करत. ते जमलं की पीसीएम लावा. चावी फिरवल्यावर पंप साधारण दोन सेकंद वाजून थांबला पाहिजे. इंजिन सुरू होऊन दोनचार दिवस झाले की एका रात्री चावी काढून, दरवाजे बंद करून, अर्ध्या तासाने बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर सिरीजमध्ये लावा. ५० मिलीअँपिअरच्या आत दिसलं पाहिजे. जास्त असेल तर आधी तो मधला कनेक्टर काढा आणि आकडा पडतो का बघा.